शितूविषयी, ताईस

मौजे वलगाव,
२० डिसेंबर

ती. सौ. ताईस,


तुझे पत्र पावले. दांडेकरांची ‘शितू’ कादंबरी पुन्हा वाचून संपवल्यावर तू विचारतेस की, ज्या विसूवर तिचा जीव जडला, तोच आपण होऊन तिला आपली म्हणू लागला असता त्या पोरीने मागे का सरावे. आणि हा प्रश्न चार दिवस माझ्याही मनातून हलत नाही.

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली ज्या पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला, तिथे सकाळी जाऊन आलो. आपल्या गावावरून पुढे जाणारी सडक ज्या परतवाड्यास पोचते, तिथे १९१६ साली जन्मलेला गोपाळ नीलकंठ दांडेकर हा मुलगा सातवीत असतानाच स्वातंत्र्याच्या चळवळीपायी घर सोडून निघाला, पुढे याच बाबांच्या सहवासात हिंडला, आणि घरदार टाकून गेलेल्या त्या मुलास १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाने अध्यक्षपदी बसवून वऱ्हाडात परत आणले. मुलाचे परागंदा होणे असे अखेर मानास चढते. त्याच लेखकाच्या कोकणातल्या शितूस मात्र निघून जायला सडकच नव्हती. अजाण वयात आलेले वैधव्य, आणि त्यापायी गावाच्या दप्तरी कायमची झालेली ‘पांढऱ्या पायाची’ ही नोंद! अप्पा खोतांनी तिला घरात घेतले, लेकीच्या मायेने सांभाळले, परंतु खोताचा अंमल कुळांवर चाले, गावाच्या जिभेवर चालत नसे.

ताई, गावाने तिला छळले हे तर आहेच. पण गावाचा निवाडा तिने स्वतः कबूल केला, हे मला अधिक दारुण वाटते. रानात आणि खाडीकाठी विसूबरोबर पाखरासारखी हिंडणारी ती मुलगी, प्रेमाचा उच्चार होताच, आपल्या पायगुणाने याचे बरेवाईट होईल या एकाच भयाने थिजते. ज्याच्यावर जीव टाकावा त्याच्यापासूनच दूर जाणे हे प्रेमाचे कर्तव्य समजते.

आपल्या आत्याबाई आठव. कापसाच्या वेचाईच्या आरंभी सीतादही होई, आई पऱ्हाटीची पूजा करी, आणि आत्याबाई धुऱ्यावर बाभळीखाली उभ्या राहत. त्यांना तिथे उभे राहा असे घरात कोणी कधी म्हटले नव्हते. आई हाका मारी, तरी त्या पूजा आटोपेपर्यंत तासात पाऊल टाकीत नसत.

त्यांच्या अखेरच्या आजारपणात मी त्यांना ‘शितू’ वाचून दाखवली होती, हे तुला कधी लिहिले नाही. शेवटचे पान झाले तेव्हा माझाच कंठ दाटला होता. आत्याबाई बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिल्या, आणि मग हलकेच म्हणाल्या, “पोराले तं काई झालं नाई न, बापा?”

तुझा,
भाऊ