२३ किलोंचं पुणं

अनंत चतुर्दशी झाली, मांडव उतरायला लागले की तुळशीबागेत एक वेगळंच गिऱ्हाईक दिसायला लागतं. पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी, सोबत आई, क्वचित मावशीसुद्धा, आणि मोबाइलवर भलीमोठी लिस्ट. आई भाव विचारते, मुलगी वजन विचारते! ‘काका, हा कुकर किती किलोचा आहे?’ भांडीवाल्यांना आता याचं नवल राहिलेलं नाही. ‘जर्मनी का?’ एवढंच विचारून ते इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा कुकर पुढे सरकवतात.

जर्मन विद्यापीठांचं विंटर सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणजे पॅकिंग बरेचदा नेमकं पितृपक्षात येतं. आजी म्हणते, पंधरवड्यात नवीन काही घ्यायचं नाही. एअरलाइन म्हणते, तारीख बदलायची तर पैसे पडतील. मग घरोघरी तोडगा निघतो. बॅगा गणपतीच्या आधीच घेऊन ठेवायच्या आणि मोजे-बनियन यांना ‘खरेदी’ म्हणायचंच नाही. झालं!

ही सगळी मंडळी कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली असतात असं मात्र समजू नका. तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधलीच असतात ती. हिंजवडीत नाहीतर खराडीत तीन वर्षं काढलेली, शनिवार-रविवार बोट क्लब रोडवरच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा एफसी रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा क्लास केलेली, आणि आता ९० दिवसांचा नोटीस पिरियड बोटांवर मोजणारी. पुण्याला जर्मनी तशी परकी नाहीच. चाकणला जर्मन कंपन्यांचे मोटारींचे कारखाने आहेत आणि औंधात तर चक्क ब्रेमेन चौक आहे. ‘ब्रेमेनला जायचंय’ म्हटलं तर आपला रिक्षावाला मीटर टाकून मोकळा होईल.

पण खरं टेन्शन बॅगेचं नसतंच, पैशांचं असतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, हे खरं. (सगळीकडे नाही हं! बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावली आहे.) शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. त्यातच भाडं, विमा आणि जेवण. युरो शंभरीच्या घरात गेल्यावर रुपयांत किती होतात, ते करा कॅल्क्युलेट! कुणाच्या घरी त्यासाठी एफडी मोडलेली असते, कुणाचा कोथरूडचा फ्लॅट गहाण पडलेला असतो.

घरात त्या लोनबद्दल रोज कुणी बोलत नाही. ते बोलणं बॅगेतून होतं. पाच किलो तूरडाळ, दोन किलो पोहे, साबण, टूथपेस्टच्या सहा ट्यूब... आईचा हिशोब साधा असतो. निदान पहिले सहा महिने पोराला खर्च नको.

हा हिशोब प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. तूरडाळ जर्मनीतल्या जवळजवळ प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या गावात मिळते, इंडियन किंवा एशियन दुकानात. तांदूळ, कणीक, मसूर तर साध्या सुपरमार्केटमध्ये. दूध, दही, बटाटे यांचे भाव बघून तर सुखद धक्का बसतो. महाग काय आहे? चष्मा. म्हणून दोन जोड्या इथूनच. दाताचं रेंगाळलेलं काम जायच्या आधी उरकून घ्या. रोजची औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची, फक्त स्वतःपुरती, सोबत डॉक्टरचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन. आणि कुकर! शिट्टीवाला आपला कुकर तिथे सहज मिळत नाही. त्याच्या पोटात मोजे भरा, म्हणजे जागाही वाया जात नाही. मिक्सर मात्र राहू द्या. व्होल्टेज तेच असलं तरी वजन परवडत नाही. थंडीचं मोठं जॅकेटसुद्धा तिथेच घ्या, इथून थर्मल्स न्या. एकावर एक पातळ कपडे घालायचे, हा तिथला फंडा. त्याला ते लोक ‘कांदा पद्धत’च म्हणतात. आपल्याला ती जमायला काहीच हरकत नाही.

आणि तूप. इथे भलेभले हळवे होतात, पण नियम म्हणजे नियम. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे आजीच्या साजूक तुपाची बरणी, कंदी पेढे, खव्याची बर्फी, सगळंच बाद. कस्टम्सच्या माणसासमोर ‘घरचं आहे हो’ म्हणून उपयोग नाही.

माझ्या मावसबहिणीच्या घरी गेल्या वर्षी हाच सीन होता. हॉलमध्ये उघडी बॅग, शेजारी लगेज स्केल, काटा २६ किलो ४०० ग्रॅमवर. तिने डाळ काढली, पोहे काढले, तुपाची बरणी तर आधीच गेली होती. मावशी बघत होती. ‘आई, सगळं मिळतं गं तिकडे,’ बहीण म्हणाली. मावशी जरा वेळाने म्हणाली, ‘मग मी देऊ काय तुला?’

आम्ही दोघी गप्प. पण त्यानंतरचे तीन दिवस त्या घरात जाम मजा आली. मावशीने तिला लोणी कढवायला शिकवलं. जर्मनीत अडीचशे ग्रॅमचं बिनमिठाचं बटर कुठेही मिळतं, त्याचं तूप तिथल्या शेगडीवरही होतंच की. गोड्या मसाल्याचं प्रमाण लिहायला बसलो तेव्हा कळलं की ते मावशीलाही माहीत नाही. तीस वर्षं सगळं ‘अंदाजे’! शेवटी तिची नेहमीची स्टीलची वाटी घेतली आणि धणे किती वाट्या, सुकं खोबरं किती, असं मोजून वहीत उतरवलं. वही बॅगेत गेली आणि वाटीसुद्धा. मावशीने नवीन वाटी काढून दिली होती. बहिणीने ती परत ठेवली आणि चेपलेली जुनीच घेतली, कारण प्रमाण तिचं होतं. थालीपिठाची भाजणी एक किलो आणि मेतकूट मात्र बॅगेत राहिलं. ते तिथे कुणी विकत नाही.

बॅगेइतकीच महत्त्वाची कागदांची फाइल. ती केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. ॲडमिशन लेटर, डिग्रीचे ओरिजिनल्स, भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून लागणारं एपीएस सर्टिफिकेट, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचा कागद. ऑफिसचं रिलीव्हिंग लेटरही ठेवा, पुढे नोकरी शोधताना मागतील. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. पुढचं बरंच काही या नोंदणीवर अडतं. त्यामुळे रूम ठरवतानाच विचारा, ‘फॉर्म देणार ना?’

शक्यतो शनिवारी रात्री पोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी जर्मनीतली दुकानं बंद! मोठ्या स्टेशनांवरची काही सुपरमार्केट्स उघडी असतात, पण जेट लॅगमध्ये अनोळखी गावात ती शोधणार कोण? तयार उपम्याची दोन-तीन पाकिटं वरच्या कप्प्यात ठेवा. होस्टेलच्या रूममध्ये पलंग असला तरी अंथरूण-पांघरूण बहुधा नसतं, म्हणून एक सोलापुरी चादर. वजन आहे तिला, पण पहिल्या रात्री वसूल होते.

आणि हो, अप्पा बळवंत चौकातून चिकटणारी लेबलं आणि एक जाड मार्कर आठवणीने घ्या. तिकडे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि बँकेपासून विम्यापर्यंत सगळं तिथे पत्रानेच येतं. तेव्हा पोचल्या दिवशी पहिलं काम, लेटरबॉक्सवर पाटी लावणं. पुण्याच्या माणसाला पाटी कशी लिहायची हे काय सांगायचं? फक्त आडनाव लिहा. ‘रविवारी शांतता पाळावी’ हे लिहायची गरज नाही, ते त्यांना आपल्या आधीपासून माहीत आहे.