कान्हेरीची उतरण

पावसाळा सरला की आमच्या चाळीतील पंधरा-वीस कुटुंबे दरवर्षी कान्हेरीची लेणी पाहायला जातात. मागची दोन वर्षे मी गेलो नाही. कारण म्हणजे माझा उजवा गुडघा.

ऑफिसच्या कबड्डी स्पर्धेत चढाई करून परतताना एका गड्याने बाहेरच्या बाजूने पायावर झडप घातली. गुडघा आत वाकला आणि आतल्या अंगाचा लिगामेंट अर्धवट फाटला. डॉक्टर म्हणाले, “हा लिगामेंट बहुधा शस्त्रक्रियेवाचून भरून येतो. सहा आठवडे पट्टा लावा, पण पट्ट्यातच हळूहळू हालचाल चालू ठेवा.” मी पहिले ऐकले, दुसरे कानाआड केले. भीतीपोटी तीन महिने पाय लाकडासारखा ताठ ठेवला. जखम भरली, पण गुडघा आखडला. मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना. वस्तीतल्या बैठकीत सगळे सतरंजीवर आणि मी एकटा खुर्चीवर! एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. नववीतली माझी मुलगी शाळेच्या कबड्डी संघात होती. तिचेही नाव मी काढायला लावले.

यंदा तीच म्हणाली, “पप्पा, वरपर्यंत नका येऊ, पण चला तरी.”

बोरिवली स्टेशनहून राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार जवळ आहे. तिथून जंगलातला सहा-सात किलोमीटरचा रस्ता बसने पार केला. काळ्या बेसाल्ट खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी या एकाच डोंगरावर आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे काम जवळजवळ हजार वर्षे चालले. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरण्यापूर्वी व्हऱ्हांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. मान वर करून पाहताना क्षणभर गुडघा विसरलो.

पुढे खडकातच कोरलेल्या पायऱ्या एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे नेतात. ठिकठिकाणी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. पावसाचे पाणी साठवून भिक्खूसंघाने इथे वर्षभराची सोय केली होती. चढताना दम लागला, पण गुडघ्याने साथ दिली. वर पोचलो. खाली हिरवे जंगल, पलीकडे शहरातील उंच इमारती. लेण्याच्या दगडी ओट्यावर मी पाय लांब करून बसलो. बाकीचे मांडी घालून बसले.

खरी परीक्षा उतरताना झाली. चौथ्या पायरीलाच वाटीखाली कळ आली आणि पाय लटपटला. मी मटकन पायरीवर बसलो. मुलगी शेजारी बसली आणि शांतपणे म्हणाली, “पप्पा, दुखापत तुम्हाला झाली. मग माझा पाय का बांधला?” मला उत्तर देता आले नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरलो.

त्या आठवड्यात सरकारी रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात गेलो. तिथल्या बाईंनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दीड इंच बारीक! त्या म्हणाल्या, “लिगामेंट भरला आहे. दुखते ते दुबळ्या मांडीमुळे. उतरताना शरीराचे सगळे वजन हाच स्नायू ताणत-ताणत पेलतो. तो दुबळा असला की भार वाटीवर येतो.” चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियमही त्यांनीच शिकवला.

व्यायाम साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, झोपून टाच हळूहळू मागे ओढणे आणि पुढे बुटक्या पाटावर चढ-उतार. दुखण्याचे मापही त्यांनी दिले. व्यायामानंतरची ठणक दुसऱ्या दिवसापर्यंत शमली तर चालू ठेवा. सूज वाढली तर व्यायाम कमी करा. पण गुडघा मध्येच अडकू लागला, पाय निसटू लागला, किंवा गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर घरी तेल चोळत न बसता लगेच डॉक्टरांना दाखवा.

चार महिने झाले. आता मी दहा मिनिटे मांडी घालून बसतो. उकिडवे बसणे अजून जमत नाही; तेही जमेल असे बाई म्हणतात.

मुलीच्या संमतीपत्रावर मी सही केली. अट एकच घातली: खेळापूर्वी अंग मोकळे करायचे आणि उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा सराव करायचा. अशा सरावाने गुडघ्याच्या दुखापती कमी होतात. रोज सकाळी आम्ही दोघे एकाच चटईवर व्यायाम करतो. ती मोजते आणि मी पाय उचलतो. दहाच्या जागी आठवरच थांबलो, तर ती पुन्हा एकपासून मोजायला लागते!