कृष्णेच्या उतारावरचा विसावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत परदेशी ख्रिस्ती माणसांच्या दोन प्रकारच्या खुणा आढळतात. घाटमाथ्यावर त्यांचे बंगले, चर्च आणि थडगी आहेत. खाली मैदानात दवाखाने आहेत. वर ते स्वतः बरे व्हायला गेले, खाली त्यांनी इतरांना बरे केले. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, सातारा, सांगली आणि मिरज अशी वाट धरली तर हा सगळा पट उलगडत जातो. वाट कृष्णेचीच आहे. नदी वर उगम पावते आणि वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला येते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. बॉस्टनहून निघालेले जहाज इथे पोहोचायला चार-पाच महिने लागत, म्हणून आजारी पडल्यावर घरी जाणे हा उपाय नव्हता. त्यांचे सहकारी सॅम्युअल न्यूएल १८२१ साली पटकीने गेले. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर त्याच रोगाने वारले. पटकी दूषित पाण्यातून पसरते आणि हिवताप डासांमुळे होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. डासांचा संबंध सिद्ध व्हायला १८९७ साल उजाडावे लागले. तोवर डॉक्टरांच्या हाती क्विनीन होते आणि हवापालटाचा सल्ला होता.

ही हवा सापडली सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरला, सुमारे साडेचार हजार फुटांवर. १८२४ साली साताऱ्याच्या छावणीतले अधिकारी पीटर लॉडविक इथल्या कड्यापर्यंत चढून आले. तो कडा आज लॉडविक पॉइंट म्हणून ओळखला जातो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. नव्या वस्तीला माल्कम पेठ हे नाव पडले आणि आरोग्यस्थान म्हणून तिचा बोलबाला झाला. गंमत अशी की, त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईचे सरसेनापती आणि हंगामी गव्हर्नर सर सिडनी बेकविथ याच आरोग्यस्थानी वारले. त्यांचा स्मारकस्तंभ अजून उभा आहे. गार हवेच्या मर्यादा सुरुवातीलाच उघड झाल्या होत्या, पण त्याने गर्दी कमी झाली नाही.

या गर्दीत अॅलन ग्रेव्ह्ज हे मिशनरी होते. १८१८ साली ते मुंबईला आले आणि माहीमला राहून काम करू लागले. प्रकृती ढासळल्यावर ते महाबळेश्वरी आले आणि १८४३ च्या डिसेंबरात इथेच वारले. त्यांच्या पत्नीही पुढे इथेच राहिल्या. इथला पावसाळा माणसाला टिकू देत नाही. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुके घरात शिरते, कपाटातल्या चामड्याच्या बांधणीच्या पुस्तकांवर बुरशी धरते. जुन्या बंगल्यांच्या जांभ्याच्या जाड भिंती, उतरती छपरे आणि दिवाणखान्यातल्या शेगड्या हा सारा त्या ओलीशी चाललेला झगडा आहे. जूनच्या तोंडाशी बंगले गवताच्या तट्ट्यांनी झाकायचे आणि साताऱ्याला उतरायचे, असा रिवाज होता. साताऱ्यातले मिशनचे कायमचे ठाणे १८४९ चे. त्याची पाळेमुळे वर विश्रांती घेणाऱ्यांच्या याच ये-जा करण्यात आहेत.

महाबळेश्वरचा उन्हाळा या मंडळींसाठी नुसत्या झोपेचा नव्हता. वेगवेगळ्या ठाण्यांवर एकेकटी राहणारी कुटुंबे एप्रिल-मेमध्ये एकत्र येत. आपल्या भाषेत उपासना होई, मुलांना सवंगडी मिळत, नव्याने आलेल्यांसाठी मराठीची शाळा भरे. थकल्याभागल्यांना विसावा देण्याचे येशूचे वचन मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. वर्षभर ते दुसऱ्यांना वाचून दाखवणाऱ्यांना इथे ते स्वतःसाठी ऐकायची सवड मिळत असे. पण हा विसावा कुंपणाच्या आतला होता. रस्ते बांधले, पालख्या उचलल्या, भाजीचे मळे राखले ते आसपासच्या डोंगरी लोकांनी आणि पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून आणून इथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी. त्यांच्या विश्रांतीची सोय करण्याचे कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

महाबळेश्वरहून पूर्वेला उतरले की अठरा-एकोणीस किलोमीटरवर पाचगणी लागते. महाबळेश्वर पावसाळ्यात बंद पडते म्हणून बारमाही राहता येईल अशी जागा शोधताना जॉन चेसन या इंग्रजाने ही वस्ती वसवली. सिल्व्हर ओकची झाडेही त्याच काळातली. सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसन यांचे थडगे आहे. पाऊस कमी आणि हवा कोरडी, त्यामुळे आधी निवासी शाळा आल्या, मग क्षयरोगी आले. कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला, पण स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला आणखी साठ वर्षे गेली. मधल्या काळात अंथरूण, मोकळी हवा आणि दूध-अंडी एवढाच इलाज होता. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथे काढलेले बेल-एअर सॅनिटोरियम याच उपचारपद्धतीवर उभे होते. पुढे ते रेडक्रॉसकडे गेले. संस्थापक पारशी, रोगी सर्व धर्मांचे. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर महात्मा गांधीही प्रकृती सुधारायला पाचगणीलाच आले होते.

मनाच्या दुखण्यावरचा उपायही पाचगणीत मिळतो, आणि त्याचे मूळ इथून फार लांब आहे. फ्रँक बुकमन हे अमेरिकेतले लुथरन पाळक फिलाडेल्फियात गरीब मुलांचे वसतिगृह चालवत. खर्चात, विशेषतः जेवणाच्या खर्चात, कपात करण्यावरून सहा जणांच्या संचालक मंडळाशी त्यांचे बिनसले. राजीनामा देऊन, राग पोटात धरून आणि प्रकृती बिघडवून ते युरोपात भटकत राहिले. १९०८ साली इंग्लंडमधल्या केझिक गावी एका छोट्या चर्चमध्ये एक बाई क्रूसाबद्दल बोलत होत्या. मोजकेच लोक बसले होते. ते बोलणे ऐकताना बुकमनना जाणवले की, त्या सहा जणांची चूक काहीही असो, आपण धरून बसलेली अढी हे आपले स्वतःचे पाप आहे. मुक्कामी परतून त्यांनी सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. उत्तर एकाचेही आले नाही. पण दुखणे गेले ते गेलेच. या अनुभवातून पुढे १९३८ साली नैतिक पुनरुत्थानाची चळवळ निघाली. राजमोहन गांधी यांनी तिचे भारतातले केंद्र पाचगणीच्या पठारावर उभारले. ‘एशिया प्लॅटो’ या नावाने ते १९६८ मध्ये सुरू झाले. आता तिथे सर्व धर्मांचे लोक येतात. पहाटे वही घेऊन गप्प बसायचे, आतून जे सुचेल ते लिहायचे आणि कोणाची क्षमा मागायची असेल तर ती मागायची, ही बुकमन यांची रीत अजून चालू आहे.

पसरणीचा घाट वळणे घेत वाईत उतरतो. ढोल्या गणपतीच्या आणि घाटांच्या या ब्राह्मणी गावात अमेरिकन मराठी मिशनने विलिस पिअर्स यांच्या स्मरणार्थ रुग्णालय चालवले. मिशनची माणसे आजारी पडल्यावर ज्या घाटाने वर जात, त्याच घाटाच्या पायथ्याशी खेडोपाड्यांतले आजारी येऊ लागले.

साताऱ्यात या कथेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस भेटतो, आणि तो परदेशी नाही. नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, १८६१ चा. राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या दिवसापासून ते आपल्याच माणसांत परके झाले. पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. ती कहाणी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. अहमदनगरला मिशनमध्ये बरीच वर्षे काढल्यावर त्यांना तिथलाही परकेपणा सलू लागला. धर्म आपला झाला, पण त्याचे कपडे, चाली, पगार आणि हुकूम साहेबाचेच राहिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला आले. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी इथे मांडला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगात आणि कीर्तनात बसवली. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. तरीही साताऱ्यातली ही दोन वर्षे मोलाची आहेत. परदेशातून आलेल्या श्रद्धेत मराठी माणसाला घरच्यासारखे टेकता यावे, ही सोय टिळकांनी केली. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची गीते म्हटली जातात, आणि नोकरीनिमित्त परदेशी गेलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक बरोबर नेतात.

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे. तिथून दक्षिणेला जाणारी गाडी कऱ्हाड, किर्लोस्करवाडी करत सांगलीला पोहोचते. विल्यम जेम्स वानलेस १८८९ च्या अखेरीस सांगलीला आले ते नवे डॉक्टर म्हणून. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात १८६५ साली त्यांचा जन्म झाला, वैद्यकीचे शिक्षण न्यूयॉर्कला झाले आणि प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना इकडे पाठवले. सांगलीत त्यांनी मराठीचे धडे घेतले, छोटा दवाखाना चालवला आणि मग मुक्काम मिरजेला हलवला. निवड व्यवहारी होती. पुण्याहून आलेल्या लोहमार्गाला कोल्हापूरचा फाटा मिरजेत फुटत होता, त्यामुळे कर्नाटकातला आणि कोकणाकडचाही रोगी तिथे पोहोचू शकत होता. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कन्व्हर्स या इंजिन-कारखानदाराने पैसा दिला, आणि १८९४ साली रुग्णालय उघडले.

त्या काळी शस्त्रक्रिया म्हटले की माणूस हादरत असे. पोट फाडणारा साहेब, धर्म बाटवणारा साहेब, अशा बोलण्याला तोटा नव्हता. मोतीबिंदू काढलेल्या माणसांनी हे बोलणे बंद पाडले. काठी धरून आलेला म्हातारा पट्टी सोडल्यावर आपल्या पायांनी स्टेशनवर जाई. रुग्णाबरोबर अर्धे घर येई, आवारात चुली मांडल्या जात, भाकऱ्या थापल्या जात. वानलेस शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करत. ती रोग्याला समजो न समजो, सुरी धरण्याआधी डॉक्टर कोणापुढे तरी मान लववतो, हे त्याला दिसत होते. वानलेस यांची मोठी दूरदृष्टी मात्र शिकवण्यात होती. मदतनिसांना शिकवता शिकवता वैद्यकीय शाळा उभी राहिली आणि मिरजेत शिकलेले डॉक्टर व परिचारिका गावोगाव गेल्या. १९०० च्या सुमारास कुष्ठरोग्यांसाठी वेगळी सोय झाली. रिचर्डसन यांच्या नावाचे ते रुग्णालय आहे. सांगली-मिरज रस्त्यावर १९२० साली क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम निघाले आणि भोवतीच्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले. पाचगणीला जाऊन महिनोन्‌महिने राहणे न परवडणाऱ्याला इथे मैदानातच अंथरूण मिळाले. चाळीस वर्षांच्या आसपास सेवा करून १९२८ साली वानलेस निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३३ मध्ये ते कॅलिफोर्नियात वारले.

महाबळेश्वर आणि मिरज यांत कोणती जागा श्रद्धेची अधिक, याचा निवाडा अवघड नाही. वरची विश्रांती खरी होती आणि आवश्यकही होती. तिच्याशिवाय खालची कामे करणारी माणसे जगलीच नसती. पण वरची चर्च आज प्रवाशांनी फोटो काढण्यापुरती उरली आहेत, आणि मिरजेने मात्र धंदाच बदलला. सतारी घडवणाऱ्यांचे आणि गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाव डॉक्टरांचेही झाले. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांना शिकवायला वानलेस रुग्णालयाच्या खाटा होत्याच. नंतर खासगी रुग्णालयांची रांग लागली आणि ज्याच्यामुळे हे सगळे आले त्या जुन्या रुग्णालयातली गर्दी ओसरली. ही वाट धरणाऱ्याने महाबळेश्वरचे पॉइंट दोन कमी पाहावेत आणि मिरजेसाठी एक दिवस राखून ठेवावा. स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाल्याला वानलेस यांचे नाव सांगायचीही गरज नाही. नुसते ‘मिशन हॉस्पिटल’ म्हटले तरी पुरते.