टेकडीवरची झाडे आणि तीन उन्हाळे

पुण्याच्या टेकड्या म्हणजे बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर मुरमाचा पातळ थर. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती-तळजाई हा शहराच्या मधोमध आलेला उंचवटा मूळचा घनदाट अरण्याचा नव्हे. गवताळ माळ आणि त्यात विखुरलेली सालई, मोई, पळस, गणेर, पांगारा अशी पानझडी झाडे, हे त्याचे खरे रूप. उन्हाळ्यात गवत वाळते, पाने गळतात आणि टेकडी ओसाड दिसते. प्रत्यक्षात त्याच दिवसांत पळस-पांगारा फुलतात आणि त्यांच्यावर पक्ष्यांची झुंबड उडते. मात्र 'ओसाड दिसते, म्हणजे झाडे लावा' असे म्हणत शहर हिरवे करायला निघालेली माणसे नेमकी येथे चुकतात.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मध्य अमेरिकेतले हे झाड फांदीपासूनही रुजते, निकस जमिनीत झपाट्याने वाढते. उंदरांना विषारी असल्याने त्याला उंदीरमारीही म्हणतात. हिरवाई लवकर दिसली, पण या झाडांच्या दाटीत गवत आणि देशी रोपे फारशी उठत नाहीत. शिवाय ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, सावली हवी तेव्हाच, ते निष्पर्ण होते. प्रा. श्री. द. महाजन यांच्यासारख्या अभ्यासकांनी देशी वृक्षांबद्दल सातत्याने लिहिल्यामुळे पुण्यात ही जाण बरीच रुजली. आता अनेक गट दाटी विरळ करून मधल्या जागेत देशी रोपे लावतात. प्रस्तुत लेखक अशाच एका गटाबरोबर काम करत आला आहे आणि पुढील तपशील त्या कामातला आहे.

खड्डे मे महिन्यातच खणून ठेवावे लागतात. दोन फूट लांब, तितकाच रुंद आणि खोल. पहिल्या वीतभर मातीनंतर मुरूम लागतो, पहार ठणठणते आणि हातांना झिणझिण्या येतात. खाली अखंड कातळ लागला तर हट्ट न करता जागा बदललेली बरी. खड्डा ऊन खात उघडा राहतो. मग शेणखत आणि आणलेली माती भरायची आणि पावसाने जमीन चांगली भिजली की रोप लावायचे.

रोप लावताना सर्वांत दुर्लक्षिली जाणारी गोष्ट म्हणजे पिशवी. ती ब्लेडने उभी चिरली की आत मुळांचे वेटोळे दिसते, कारण रोपवाटिकेत बरेच दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल फिरत बसतात. ती बोटांनी अलगद सोडवावी लागतात. फार घट्ट झाली असतील तर कात्रीने छाटावी लागतात. तसे न केल्यास मुळे त्याच वेटोळ्यात जाड होत जातात आणि वरून तरारलेले झाड पुढे एखाद्या वादळात मुळासकट आडवे होते. समारंभात घाईने लावलेल्या रोपांना तर पिशवीसकट पुरलेले पाहिले आहे.

महाराष्ट्रात 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी अशी वृक्षलागवडीची शासकीय उद्दिष्टे होती. लावलेली रोपे मोजणे सोपे असते. जगण्याचा प्रश्न सुरू होतो तो दिवाळीनंतर. तेव्हा रोपाभोवती आळे करून पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे लागते. फेब्रुवारीपासून वाळलेल्या गवताला वणव्याचा धोका असतो, म्हणून गवत कापून जाळरेषा काढाव्या लागतात. आणि पाणी. टेकडीवर नळ नसतो. पहाटे फिरायला येणारे लोक पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन चढतात आणि आपापल्या झाडाच्या आळ्यात ओततात. असे तीन उन्हाळे काढले की बहुतेक देशी झाडे आपल्या मुळांवर उभी राहतात.

रस्त्यावरच्या झाडांची दैना वेगळी आहे. पदपथाच्या कामात बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले जाते; पाणी आणि हवा मुळांपर्यंत पोचत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. लेखकाच्या भागातील एका रस्त्यावर पदपथ नवा झाला तेव्हा जुन्या कडुनिंबांचे बुंधे असेच आवळले गेले. परवानगी घेऊन छिन्नी-हातोड्याने ते मोकळे केले, तर खालची माती ऐन पावसाळ्यातही कोरडी ठणठणीत निघाली.

राज्यात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने शहरी भागांत झाड तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक केली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. ही दुरुस्ती मोलाची आहे, कारण जुन्या वडाची सावली नवी शंभर रोपे पुढची कित्येक वर्षे देऊ शकत नाहीत. नव्या लागवडीइतकेच उभे झाड वाचवणेही शहर हिरवे करण्याच्या कामात मोडते.

जुलैमध्ये टेकडीवर खड्ड्यांपेक्षा माणसे जास्त असतात, एप्रिलमध्ये कॅन उचलायला हात कमी पडतात. वाचकांनी जमल्यास एप्रिलमध्ये यावे.