लग्नाआधीचा प्रश्न

भाचीच्या फिट्स व्हाल्प्रोएटने थांबल्या, म्हणून ती गोळी आठवीपासून चालूच राहिली. आता लग्नाचं बघताहेत. 'मुलाकडच्यांना सांगायचं का?' यावर घरात रोज खल. गोळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही! गरोदरपणी ही गोळी चालू असेल, तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं. 30 ते 40 टक्के मुलांच्या बौद्धिक विकासात अडचणी येतात. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम त्यामानाने पुष्कळ सुरक्षित. पण काही फिट्सना व्हाल्प्रोएटच जास्त लागू पडतं. गोळी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. बदल करायचा तो दिवस राहण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. म्हणजे वेळ हवा. मुलाकडच्यांचं नंतर बघू. आधी तिला तर सांगूया?