नॉर्थकोट आणि इतर कोट

लहानपणी मला नॉर्थकोट म्हणजे किल्लाच वाटायचा. सोलापूरच्या पोराला ‘कोट’ म्हटलं की भुईकोट आठवणार. त्यात गल्लीतल्या एका थोरल्यानं ‘नॉर्थ म्हंजे उत्तर बे’ असं सांगितल्यावर शंकाच मिटली : हा भुईकोटाचा उत्तरेकडचा भाऊ. ती शाळा आहे हे कळल्यावरही समजूत पुरती गेली नाही. पुढे उलगडलं की हे एका साहेबाचं आडनाव. लॉर्ड नॉर्थकोट १९०० ते १९०३ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. १९०४ मध्ये तो गव्हर्नर-जनरल होऊन ऑस्ट्रेलियाला गेला. साहेब तीन वर्षांत उठून गेला, नाव मात्र आमच्याकडेच राहिलं. हरिभाई देवकरण किंवा कुचन प्रशालेच्या नावातली माणसं निदान आपली वाटतात.

दगड घडवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच शाळेला नाही. माझी शाळा साधी, काळ्या दगडाची. त्या दगडावर छिन्नीचे तिरके घाव स्पष्ट दिसत. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांवरून बोटं फिरवत डबा खायचो. ते बहुधा वडारांचे हात असावेत. या भागात दगडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचंच. खाली शहाबादी फरशी. शहाबाद आमच्याच रेल्वेमार्गावर, वाडीच्या अलीकडे. सोलापुरात गाडी १८६० साली आली. मार्ग पुढे सरकला तसं फरशीसारखा जड माल आणणंही सोपं झालं. वर मंगळुरी कौलं. म्हणजे भिंत इथली, जमीन आणि छप्पर कन्नड मुलुखातलं. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकू येतात, त्याची शाळा आणखी कशी असणार?

त्या इमारतीचं खरं मोल मात्र एप्रिलात कळायचं. बाहेर पारा बेचाळीसवर आणि वर्गात पाय टाकला की माठात शिरल्यासारखं. पंखा नव्हता. भिंत दीड-दोन हात जाड, छत उंच, तावदानांच्या वर गरम हवा निघून जायला झरोके. एवढीच करामत. इतक्या जाड दगडातून उन्हाची धग पलीकडे पोचायला कित्येक तास लागतात. शाळा सुटून जायची, गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होऊन जायचा, तेव्हा कुठे ती आत यायची. मागे बांधलेल्या स्लॅबच्या नव्या वर्गांत हा हिशेब बसला नाही. तिथं दुपारी भूगोलाच्या तासाला सहारा वेगळा शिकवावा लागत नसे.

एकदा विसरलेलं दप्तर आणायला रात्री शाळेत गेलो होतो. शिपाईमामांनी मैदानात बाजलं टाकलं होतं. ‘आत का झोपत नाही?’ विचारलं, तर म्हणाले, ‘हात लाव की भिंतीला.’ लावला. भिंत तापलेल्या तव्यासारखी नाही, पण अंगात ताप असलेल्या माणसासारखी होती.