श्वानाचे सोवळे

घरात कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे तर एक वाटी, एक जुने गोणपाट आणि मायेची माणसे पुरेत, अशी आमची समजूत होती. त्या समजुतीची किंमत मोत्याने दिली. ‘पुढच्या रविवारी लस टोचून आणू’ असे म्हणत आम्ही तीन रविवार दवडले आणि पार्व्होच्या आजाराने चार दिवसांत तो गेला. धर्मराजाने श्वानासाठी स्वर्गाचे दार नाकारले. आम्हांस एक रविवार देता आला नाही!

त्यानंतर 14 महिने नागरवाड्यातील आमच्या घरी हा विषय निघाला नाही. यंदा संक्रांतीनंतर तो काढला मातोश्रींनी. “रोज कुत्र्याचा घास काढते, तो घालू कोणाला?” असे त्या एके दिवशी म्हणाल्या. मातोश्रींचे सोवळे कडक. मोत्यास हात लावून कोणी देवघराकडे वळले की त्या हातपाय धुवावयास लावीत आणि आम्ही त्यांना हसत असू.

म्हणून या खेपेस प्रथम जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हा विषाणू घरात कित्येक महिने आणि मातीत वर्षभरही तग धरतो. साध्या साबणाने तो मरत नाही. फरशी स्वच्छ धुऊन, ब्लीच 1 भाग व पाणी 30 भाग असे मिसळून पुसावी आणि 10 मिनिटे ओली राहू द्यावी. बाहेरची पादत्राणे बाहेरच ठेवावी. हात धुतल्यावाचून पिल्लास शिवू नये. लसींचा क्रम पुरा होईपर्यंत त्यास रस्त्यावर सोडू नये. घरी येऊन हे सांगताच मातोश्री उद्गारल्या, “अरे, हे तर सोवळेच झाले की!” आम्ही निरुत्तर झालो.

मग तयारीची सूत्रे त्यांनीच हाती घेतली. मोत्याची वाटी व गोणपाट काढून टाकताना त्या क्षणभर थांबल्या, एवढेच. शिऱ्यातील मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक, हे कळताच नैवेद्याचे ताट फळीवर गेले; विषारी कण्हेरीची परडी उंच खुंटीस लागली. उत्तरायणात अंगणात पडलेला मांजा त्यांनी वाकून वाकून वेचला. विजेच्या तारा मात्र आमच्याकडून बांधून घेतल्या.

पिल्लू येत्या गुरुवारी यावयाचे आहे. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांच्या वयात, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर, असा हिशेब मातोश्रींनी दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लाल शाईने मांडला आहे. पहिली तारीख रविवारी येते. त्या रविवारी आम्हांस दुसरे काही काम नाही.